दोन लिव्हर आणि एक फुटलेला चिबूड

ओहोटीच्या वेळी चोडणच्या धक्क्यावर पुढचा ब्रेक दाबू नये हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. बारा वर्षं झाली मी मये ते पणजी रोज करतोय, जाताना चोडणवरून फेरीबोट धरायची, रायबंदरला उतरायचं, बांधावरून पणजी, आणि येताना उलटं. भरती असली की बोटीची लोखंडी फळी आणि धक्का जवळजवळ एका लेव्हलला येतात, झोपेतसुद्धा गाडी वर निघते. ओहोटीला मात्र एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडतो, त्यावर हिरवंगार शेवाळ, आणि वर जायचं ते त्याच्यावरूनच. आता चढायचं म्हटल्यावर ब्रेकचा संबंधच काय, पण माझ्या पुढे स्कूटरवर एक मावशी होत्या, त्या मध्येच थांबल्या, माझा उजवा हात आपोआप आवळला गेला आणि पुढचं चाक सटकलं.

पडलो म्हणजे काय, वेग असा नव्हताच. गाडी डाव्या अंगावर निवांत आडवी झाली आणि मी बाजूला उभा, हेल्मेट डोक्यात, नाटकातल्यासारखा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर होती आणि हँडलला माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती लाकडी चौकट) सामानाची पिशवी अडकवलेली, त्यात सुपारीचं शिपटं, आंबाडे, एक नीरफणस आणि एक मोठा चिबूड. चिबूड फुटला. वास असा सुटला की बोटीतली सगळी माणसं आधी चिबडाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

इथपर्यंत हँडलवरच्या क्लच आणि ब्रेकच्या दोन लिव्हरांपैकी एकच गेला होता हे लक्षात ठेवा. दुसरा मदतीने गेला. चार जण धावत आले, सगळ्यांनी एकदम "उचल, उचल" करत इतक्या जोरात गाडी उचलली की ती सरळ झाली आणि तशीच पुढे उजव्या अंगावर गेली, कारण त्या बाजूला कुणीच उभं नव्हतं. दीडशे किलोच्या आसपासचं धूड, एकदा कललं की कोण धरणार. (गाडी उचलायची असेल तर आधी गिअरमध्ये टाका, आणि पडलेली उजव्या अंगावर असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. डाव्या अंगावर असेल तर स्टँडचा उपयोग नाही, पलीकडे एक माणूस उभा करा. मला हे सगळं माहीत आहे. आत्ता.)

हिशोब असा झाला: डावीकडचा क्लच लिव्हर मध्यातून तुटला, मुळाकडचा तीन बोटांएवढा खुंट शिल्लक. उजवीकडचा ब्रेक लिव्हर तुटला नाही पण बाहेरच्या बाजूला वाकला, भेंडी वाकते तसा.

धक्क्यावर पिवळ्या मडगार्डचे दोन-तीन पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, उभे होते. त्यातले एक वयस्कर होते, ते शांतपणे आले. "कितें जालें रे बाब?" म्हणाले, खुंट बोटाने हलवून बघितला, वायर शाबूत आहे का ते बघितलं आणि म्हणाले, "दोन बोटां पुरो." म्हणजे दोन बोटं पुरेत. आणि खरंच पुरली, फक्त जोर दुपटीने लागत होता. लिव्हर लांब का असतो ते त्या बारा किलोमीटरमध्ये मनगटाला नीट समजलं, जेवढं टोकाकडे धरू तेवढं हलकं, मुळाकडे धरलं की आतली क्लचची स्प्रिंग थेट तुमच्या बोटांशी भांडते. काकांनी आणखी एक सांगितलं की खुंटही राहिला नसता तर व्हाइस ग्रिपचा पाना असतो ना, जो चिमटून लॉक होतो, तो त्या जागी घट्ट बसवायचा आणि तोच लिव्हर समजून घरापर्यंत जायचं. तेव्हापासून माझ्या डिकीत, म्हणजे सीटखालच्या त्या एवढ्याशा खबदाडात, व्हाइस ग्रिप आहे.

घरी पोचल्यावर बाबांनी हाताला लागलं का विचारलं, नाही म्हटल्यावर पिशवीत बघितलं आणि म्हणाले, "चिबूड मयेत मिळतो, तो पणजीहून कशाला आणलास?" याला उत्तर नव्हतं.

आता लिव्हरबद्दल. मी गाडीचं इतर सगळं जपतो, ऑइल वेळेवर, चेनला लुब्रिकंट, पण लिव्हर ही काय लक्ष द्यायची वस्तू आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. हात रोज त्यावरच असतो म्हणूनच बहुतेक दिसत नाही. एकदा नजर बसली की मात्र सगळीकडे दिसायला लागतात. कळंगुट-बागा भागात काळ्या पाटीवर पिवळे आकडे लिहिलेल्या ज्या भाड्याच्या गाड्या फिरतात त्यांचे लिव्हर बघा कधी. दहातल्या कितीतरी गाड्यांचं टोक घासलेलं किंवा वाकलेलं असतं, त्यावरून ती गाडी किती जणांनी किती वेळा पाडली याचा अंदाज येतो.

लिव्हरच्या टोकाला जो गोळा असतो तो शोभेचा नाही. पडताना ते टोक पोटात, मांडीत घुसू नये म्हणून तो गोल असतो, रेसिंगमध्ये तर त्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर असावा असा नियमच आहे. काही लिव्हरना टोकाच्या अलीकडे एक खाच पण असते, पडल्यावर तिथूनच टोक तुटावं आणि चालवण्यापुरता लिव्हर उरावा म्हणून. माझ्या जुन्या लिव्हरला खाच नव्हती, तो आपल्या मर्जीने मधून तुटला.

वाकलेला ब्रेक लिव्हर सरळ करून घ्यावा असं शेजाऱ्यांनी सुचवलं. हे मी कॉलेजात असताना केलेलं आहे, दगडावर ठेवून हातोडीने, तिसऱ्या ठोक्याला दोन तुकडे. लिव्हर ओतीव अॅल्युमिनियमचे असतात, एकदा वाकला म्हणजे आत तडा गेलाच समजा, परत उलटा वाकवला की तो तडा उघडतो. गरम करून वाकवू म्हणाल तर लोखंड जसं लाल होऊन सांगतं की मी तापलोय तसं अॅल्युमिनियम सांगत नाही, ६६० अंशांच्या आतच सरळ वितळून खाली पडतं. आणि हातात तुटायचाच असेल तर तो कधी तुटेल, जोरात दाबाल तेव्हा. म्हणजे नेमका जेव्हा हवा असेल तेव्हा.

तर नवीन घ्यायचे. चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीत जाऊन स्पेअर पार्ट शोधणं म्हणजे काय असतं ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, पाऊस, फटाक्यांचे स्टॉल, हरतालिकेच्या सामानाची गर्दी. पहिल्या दुकानात कंपनीचे लिव्हर संपलेले. दुसऱ्याने शटर अर्धं खाली ओढलेलं, "चवथीनंतर ये." तिसऱ्याकडे काउंटरवर एक डबा होता, आत मखमली कागदात लालभडक लिव्हरची जोडी. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर कापलेले, वर लिव्हर हाताच्या जवळ-लांब करायची सहा नंबरांची अॅडजस्टरची चकती, आखूड, दोन बोटांत मावणारे. "सगळ्या गाड्यांना बसतात," दुकानदार म्हणाला. साडेआठशे रुपये.

या वाक्याला मी थांबायला हवं होतं. सगळ्या गाड्यांना बसतो असा लिव्हर म्हणजे सगळ्या पायांना बसणारी चप्पल. पण खरं सांगतो, लाल रंग बघून माझं वय एकदम वीस वर्षांनी कमी झालं, आणि गाडी काळी आहे, काळ्यावर लाल काय दिसेल हाच विचार डोक्यात. घेतले.

बसवायचं काम मी घरीच केलं, पडवीत, बाहेर धो धो पाऊस आणि आत आई करंज्या तळतेय. काम खरंच सोपं आहे. क्लचच्या बाजूला आधी रबरी बूट मागे सरकवायचा, मग वायरच्या तोंडाशी जो अॅडजस्टर असतो तो आणि त्याची लॉकची रिंग दोन्ही पूर्ण आत फिरवायचे. या दोघांना आणि ब्रॅकेटला प्रत्येकी एक चीर असते, तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की वायर त्यातून अलगद बाहेर येते. अलगद म्हणजे माझी आली नाही. रोज फेरीबोटीचा खारा वारा खाऊन रिंग गंजलेली, तिला आधी गंजाचा स्प्रे मारून दहा मिनिटं करंजी खात बसलो, मग पकडीला फडकं गुंडाळून फिरवली. खालून दहाचा नट, वरून स्क्रू, तो काढला की लिव्हर हातात. वायरच्या टोकाला जस्ताचा छोटा गोल दाणा असतो, निपल म्हणतात त्याला, तो लिव्हरच्या भोकातून सरकवून काढायचा.

या दाण्याबद्दल जरा थांबून बोलतो कारण क्लच वायर का तुटते याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. लिव्हर दाबताना फिरतो, वायर मात्र सरळ ओढली जायला हवी, म्हणून हा दाणा आपल्या भोकात फिरता राहायला पाहिजे. भोक कोरडं असलं, गंजलं किंवा नवीन लिव्हरचं भोक जरा अरुंद असलं की दाणा अडकतो, आणि मग प्रत्येक दाबण्याला वायर दाण्याच्या मुळाशी वाकते. एक तार तुटते, दुसरी तुटते, एक दिवस पर्वरीच्या चढावर सिग्नलला उभे असताना सगळीच जाते. माझ्या जुन्या वायरच्या दोन तारा तुटून केसासारख्या वर आलेल्या होत्या, मला पत्ता नव्हता. तिथे बोटभर ग्रीस लावायचं, एवढंच. बाबा खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले होते, त्यांच्या मते गंज, केस, सांधे आणि क्लच वायर या सगळ्यांना तेच. वायरमध्ये ते घालू नका, धूळ धरून चिकट होतं. बाबांना मात्र मी "हो घातलं" म्हणून सांगितलं.

ब्रेकची बाजू तर त्याहून सोपी, कारण वायरच नाही. डिस्क ब्रेकचा लिव्हर मुळाशी एका नाकाने मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या पंपाच्या, पिस्टनला ढकलतो, बस. ब्रेक ऑइल उघडायची गरज नाही, हवा काढायची गरज नाही, एक नट एक बोल्ट काढून लिव्हर बदलायचा. मी तेच केलं. लाल लिव्हर बसला, जरा जोर देऊन बसवावा लागला पण बसला. जोर द्यावा लागला ही दुसरी जागा जिथे मी थांबायला हवं होतं.

पडवीच्या कोपऱ्यात जुना वाकलेला ब्रेक लिव्हर पडला होता तो बाबांनी उचलून नेला, कशाला ते मी विचारलं नाही.

चवथीच्या रात्री वाड्यावर घुमटाच्या (मातीचं वाद्य) तालावर आरत्या, एका घरून दुसऱ्या घरी, पावसात, मी आणि माझा चुलत भाऊ आपापल्या गाड्यांवर. तो मागून येत होता, तिसऱ्या घरी उतरल्यावर म्हणाला, "तुझा ब्रेक लाइट सारखा चालूच आहे रे." मी म्हटलं स्विचमध्ये पाणी गेलं असेल. पाऊसच एवढा की सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडता येतं. लिव्हरच्या मुळाशी एक बारकं बटण असतं, लिव्हर मोकळा असताना तो त्या बटणाला दाबून धरतो, लिव्हर ओढला की बटण सुटतं आणि मागचा दिवा लागतो. दिवा सतत चालू याचा अर्थ लिव्हर पूर्ण मागे येतच नव्हता. एवढं स्पष्ट सांगणारी गाडी आणि मी पाण्याला दोष देऊन फुगडी बघायला आत गेलो.

दीड दिवसाचा आमचा गणपती, विसर्जन झालं, सोमवारी ऑफिस. सकाळी निघालो, क्लच मस्त हलका लागत होता, लाल लिव्हर चमकतायत, मीच माझ्यावर खूश. मये सोडल्यावर गाडी जरा जड वाटली, चवथीच्या करंज्यांना दोष दिला. चोडणच्या धक्क्यावर (भरती होती, देवाची कृपा) बोटीत चढलो, स्टँडवर लावली, आणि पावसाचे चार टपोरे थेंब पुढच्या डिस्कवर पडले, चर्र झालं. तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतं तसं. बाजूचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "अंकल, तुमच्या डिस्कमधून वाफ येतेय." अंकल. असो. बोट पलीकडे जाईपर्यंत ती थंड झाली, रायबंदरला उतरताना गाडी एकदम मोकळी, मला वाटलं चला, नवीन लिव्हर आहे, बसतोय जागेवर.

रायबंदर ते पणजी हा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला, उजवीकडे मांडवी, डावीकडे खाडी आणि कांदळ, आणि मध्ये तेवढाच रस्ता. चारशे वर्षांपूर्वी घालताना त्यांनी बंद पडलेली मोटरसायकल बाजूला घ्यायला जागा ठेवली नाही, त्यांचा दोष नाही. अर्ध्या बांधावर गाडीने वेग धरेनासा केला. तिसऱ्यात टाकली, ओढेना, दुसऱ्यात टाकली, ओढेना, अॅक्सिलरेटर पिळतोय आणि गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी. शेवटी थांबलीच. ढकलायला गेलो तर पुढचं चाक फिरेना. मागे कदंबची बस, बसमागे सगळी पणजी, आणि हॉर्न.

आता आत काय झालं होतं ते सांगतो, कारण मला त्या दिवसापर्यंत हे माहीत नव्हतं आणि मी स्वतःला गाडीतलं कळणारा समजत होतो. हँडलवर जी ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते तिच्या तळाला सिलिंडरमध्ये उघडणारं एक अगदी बारीक भोक असतं, सुई जेमतेम जाईल एवढं. लिव्हर सोडला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि हे भोक उघडं पडतं. ब्रेक वापरून गरम झाले की ऑइल फुगतं, आणि फुगलेलं जास्तीचं ऑइल या भोकातून वर टाकीत निघून जातं. पण लिव्हरचं नाक जरा लांब असेल तर हात सोडलेला असतानाही ते पिस्टनला थोडं पुढे दाबून ठेवतं, पिस्टनवरचं रबर नेमकं त्या भोकावर येऊन बसतं आणि वाट बंद. मग ऑइल गरम होतं, फुगतं, वर जाता येत नाही म्हणून खाली पॅडना ढकलतं, पॅड डिस्कला घासतात, आणखी गरम, आणखी फुगतं, आणखी आवळतं. तुम्ही ब्रेकला हात न लावता गाडी स्वतःच ब्रेक मारत जाते. बोटीत दहा मिनिटं थंड झाली तेव्हा ऑइल आक्रसलं आणि पकड सुटली, म्हणून मला सगळं ठीक वाटलं. वेगात असताना चाक एकदम जाम झालं असतं तर काय, याचा विचार मी संध्याकाळी घरी बसून केला, तेव्हा केलेला बरा.

उपाय मला ज्ञानाने नाही, रागाने सुचला. हा लालभडक शहाणा आधी काढून फेकतो असं म्हणत पावसात उभं राहून दहाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर काढला, नट काढला, स्क्रू सहज येईना, पान्याने दोन टोले दिले आणि लिव्हर सुटला. त्याबरोबर पिस्टन आतून टकन मागे आला, इतका स्पष्ट आवाज की हॉर्नमधून पण ऐकू आला, आणि चाक मोकळं फिरलं. पुढचा ब्रेक आता शून्य. तसंच चालत ढकलत पाटो पुलापर्यंत नेली, एका ओळखीच्या दुकानासमोर लावली आणि पायलट करून ऑफिसला गेलो, लाल लिव्हर खिशात. पायलटने विचारलं, गाडी कुठे? मी खिशाकडे बोट दाखवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पणजीत कंपनीचे लिव्हर मिळाले, जोडी तीनशेच्या आत. काळे, साधे, टोकाला नीट गोळा असलेले. ऑफिसच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून लाल आणि काळा शेजारी ठेवले, बोल्टचं भोक भोकाशी जुळवलं. बघायला सारखेच. नाकाकडे नीट बघितल्यावर लालचं नाक किंचित लांब, नखाच्या जाडीएवढं. चुलत भाऊ डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर असतो, त्याने नंतर व्हर्निअर लावून सांगितलं, १.२ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने दीडशे किलोची गाडी आणि मागची बस थांबली. "घासून देतो, मग बसेल," तो म्हणाला. मी नको म्हटलं. ज्याने हे कापताना माप बघितलं नाही त्याने धातू तरी बघून घेतला असेल कशावरून. क्लचच्या लाल लिव्हरलाही आणखी एक खोड निघाली, त्याला क्लच स्विच दाबणारा उंचवटाच नव्हता, त्यामुळे गिअरमध्ये असताना क्लच दाबून स्टार्ट करायला जावं तर गाडी ढिम्म. आधी न्यूट्रल शोधा मग स्टार्ट. फेरीत शेवटच्या क्षणी सगळे एकदम निघतात तेव्हा हे फार त्रासाचं होतं.

माझं म्हणणं सीएनसीचे लिव्हर वाईट असं नाही. तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेले, चांगले मिळतात, ज्यांचे हात लहान आहेत त्यांना तर अॅडजस्टरचा खरंच उपयोग होतो, माझी बायको माझी गाडी चालवताना लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत म्हणून कुरकुरते ती खोटी नाही. पण पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर "सगळ्यांना बसतो" चालत नाही, आणि बसवला की रस्त्यावर न्यायच्या आधी मेन स्टँडवर लावून, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचलून हाताने फिरवायचं, ब्रेक दोन-चारदा जोरात दाबून सोडायचा, परत फिरवायचं. लिव्हरच्या टोकाला बोट लावल्यावर पिस्टन लागायच्या आधी थोडी तरी मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. आणि ब्रेक लाइट विझतो का ते बघायचं, पाऊस असला तरी.

काळे लिव्हर मी त्याच संध्याकाळी पाटोवर उभं राहूनच बसवले, दोन्ही मिळून वीस मिनिटं. या वेळी जरा शहाण्यासारखं. ब्रेकच्या बोल्टला ग्रीस लावलं, पण नाक जिथे पिस्टनला टेकतं तिथे साधं ग्रीस नाही, सिलिकॉनचं, कारण ब्रेकच्या आतली रबरं साध्या तेला-ग्रीसने फुगतात, आणि फुगलेल्या रबराने परत तोच खेळ. वरचा स्क्रू आधी हलक्या हाताने, लिव्हर स्वतःच्या वजनाने हलतो आहे ना बघत, मग तो स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवून खालचा नट आवळायचा. स्क्रूच जोरात आवळला की ब्रॅकेट लिव्हरला चिमटतं आणि तो परत यायला कंटाळतो.

क्लचला मोकळी हालचाल मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ठेवली, एक रुपयाचं नाणं सैलसर जाईल एवढी. याहून घट्ट ठेवलात तर क्लच पूर्ण धरत नाही, चोर्ला घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी चढत नाही, वास येतो तो प्लेटांचा. ढिली ठेवलीत तर पूर्ण सुटत नाही, गिअर खटकन पडतात आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. मग हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, क्लच ओढला जात नाही ना, लिव्हर टाकीला आपटत नाही ना.

शेवटचं काम गाडीवर बसून केलं. हात नेहमीसारखे ग्रिपवर, बोटं सरळ पुढे, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ यायला हवी, त्या रेघेत लिव्हर. माझे आधीचे किती वर्षं वर आभाळाकडे तोंड करून होते, मनगट दुखायचं त्याचा दोष मी ऑफिसच्या कीबोर्डला देत होतो. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून थोडे खाली फिरवले आणि आवळले. क्लचच्या बाजूचं ब्रॅकेट आवळताना त्या चोडणच्या पायलटकाकांचं ऐकलं, चालवताना हलणार नाही एवढं घट्ट पण हाताने जोर लावला तर फिरेल एवढं, म्हणजे गाडी पडली की लिव्हर तुटायच्या आधी सगळंच जागेवर फिरून जातं. ते बरीच वर्षं रोज धक्क्यावर गाडी चालवतायत आणि त्यांचे दोन्ही लिव्हर कंपनीतून आलेले ते तसेच आहेत. नंतर एकदा भेटले तेव्हा त्यांना काळे लिव्हर दाखवले, त्यांनी दोन्ही दाबून बघितले, "आतां बरें" म्हणाले आणि गिऱ्हाईक घेऊन गेले.

लाल जोडी दुकानदाराने परत घेतली नाही, एकदा बसवलेला माल परत नाही म्हणे. ती कपाटात आहे, कुणी मागितली तरी देत नाही.

वाकलेला जुना ब्रेक लिव्हर बाबांनी कशाला नेला ते मला चवथीच्या सकाळी पूजेला बसल्यावर कळलं होतं. बोल्टच्या भोकातून सुंभ ओवून त्यांनी तो माटोळीच्या लाकडाला बांधला होता, बाहेरच्या बाजूला आलेला बाक हुकासारखा नेमका वर, आणि त्यावर मयेत मिळालेला नवा चिबूड. चिबडाचं वजन काही कमी नव्हतं. यंदा त्यावर नीरफणस होता.